सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र : नव्या गुंतवणूकदाराचे पहिले वर्ष सांभाळा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, अर्थात सेबी,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांनी शेअर बाजारात यावे असे मला मनापासून वाटते. त्यांच्या आईवडिलांनी सोने, मुदत ठेव आणि भिशी यांपलीकडे पाहिले नाही. त्यांना वाढत्या उद्योगांत वाटा मिळाला नाही, आणि तो या मुलांना मिळावा म्हणून मी वर्गात आणि वर्गाबाहेर वर्षानुवर्षे बोलत आले आहे. म्हणूनच या मुलांची बाजारातली सुरुवात कशी होते हे मला रोज दिसते, आणि त्याबद्दलच आपल्याला लिहायचे आहे.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर जमा ठेवणारी खाती, होती. २०२५ साली तो आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरले, तरी ही वाढ प्रचंड आहे, आणि तिचा मोठा भाग आमच्यासारख्या लहान गावांतला, तिशीच्या आतला आहे. यामागे सेबीचे कष्ट आहेत हे मी वर्गात आवर्जून सांगते. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याआधी शेअर घ्यायचा म्हणजे कागदी प्रमाणपत्र, हस्तांतराचा अर्ज, जुळत नाही म्हणून परत आलेली सही आणि महिनोन्महिने वाट. आज आधार, पॅन, ओटीपी आणि मोबाइलवर काढलेला फोटो एवढ्यावर खाते होते. सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी नावावर जमा होतो. टी प्लस वन ही पद्धत जानेवारी २०२३ मध्ये आपण सगळ्या शेअर्सना लागू केलीत, आणि जगातले कितीतरी मोठे बाजार तेव्हा आपल्या मागे होते.

अडचण त्यानंतर सुरू होते. खाते उघडताना एक पडदा येतो, त्यावर विभाग निवडायचे असतात. इक्विटी, म्युच्युअल फंड, फ्युचर्स अँड ऑप्शन्स, करन्सी, कमोडिटी, सगळे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत, सारख्याच चौकोनांसह. ज्याने आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही, त्याला या ओळींमधला फरक कळायचा कसा? मुले मला विचारतात, "मॅम, सगळ्यांवर टिक करू का? परत फॉर्म भरायला नको." मग ई-साइनसाठी एक दस्तऐवज उघडतो. तो इंग्रजीत असतो, पानांवर पाने असतात, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाही मुलाने तो शेवटपर्यंत वाचलेला नाही. अंगठा खाली सरकतो, मान्य म्हटले जाते, खाते तयार होते. हक्क आणि जबाबदाऱ्या, जोखमीची माहिती, दलालीचे दर, सगळे त्या न वाचलेल्या पानांत राहून जाते.

डेरिव्हेटिव्ह्जसाठी, म्हणजे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्स या करारांसाठी, उत्पन्नाचा पुरावा लागतो, हे मला माहीत आहे. हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, ते एका उदाहरणाने सांगते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अडतीवर सोयाबीन घातले. पट्टीचे पैसे मुलाच्या खात्यावर आले, कारण घरात मोबाइल बँकिंग त्यालाच येते. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायची म्हणून त्यातली काही रक्कम खोली आणि मेससाठी बाजूला ठेवायची असे ठरले होते. मुलाने ट्रेडिंग अ‍ॅपवर सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट चढवले. स्टेटमेंटमध्ये रक्कम दिसत होती. ती सोयाबीनची आहे, वर्षातून एकदाच येते आणि तिच्यावर पाच माणसांचे घर चालते, हे स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. ऑप्शन्सचा विभाग सुरू झाला.

त्याने एकही शेअर डिलिव्हरीत, म्हणजे स्वतःच्या नावावर ठेवायला, घेतला नव्हता. निफ्टी निर्देशांकावरच्या ऑप्शन्सची साप्ताहिक मुदत मंगळवारी संपते. त्या दिवशी दुपारी, बाजारभावापासून लांबचे, दोन-चार रुपयांना मिळणारे कॉल, म्हणजे निर्देशांक वर गेला तरच फळणारे ऑप्शन, त्याने घेतले. मुलांच्या भाषेत याला हिरो-झिरो म्हणतात. बाजार जोरात वर गेला तर दोनाचे वीस होतात, नाही गेला तर साडेतीनला सगळे शून्य. पहिल्यांदा पैसे आले. मग मंगळवारी निफ्टी, गुरुवारी सेन्सेक्स असे चक्र सुरू झाले. मंगळवारी दुपारच्या तासाला मागच्या बाकांवर माना का खाली असतात, हे आता मला न विचारता कळते.

पैसे संपले तेव्हा वडील कॉलेजात आले. रागावलेले नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच शिकवता ना हे शेअरचं? आमच्या घरात आता शेअरचं नाव नको. धाकटीलाही सांगून ठेवलंय." मी त्यांना समजावले की मुलाने शेअर घेतलेच नव्हते, त्याने जे केले ते वेगळे. ते ऐकून घेत होते. त्यांच्या दृष्टीने तो फरक उरला नव्हता, आणि त्यांना मी दोष कसा देऊ? एकाच अ‍ॅपवर, एकाच पासवर्डने, एकाच कंपनीच्या नावाखाली हे सगळे चालते. त्यांची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात आहे. हुशार आहे, ट्यूशन घेऊन महिन्याला थोडे पैसे कमावते. निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या निर्देशांक फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, सुरू करायची तिची तयारी होती. ती थांबली.

महोदय, एका मुलाचा तोटा त्याच्या खात्यापुरता राहत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिले. आमच्या भागात १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणानंतर कितीतरी घरांनी बाजाराकडे पाठ फिरवली, ती पुढच्या पिढीपर्यंत. ज्यांचा एक रुपयाही बुडाला नव्हता, त्यांनीही. आज गावोगाव तेच नव्याने घडते आहे. फरक एवढाच की या वेळी घोटाळा नाही, सगळे नियमात बसते आहे.

आपल्याच अभ्यासातले आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. सलग दोन वर्षे तोटा होऊनही पाऊणपेक्षा जास्त लोक खेळत राहिले. तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. पुढच्या वर्षीच्या अहवालातही तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्केच होते. रोजच्या रोज खरेदी-विक्री करणाऱ्या इंट्राडेवाल्यांतही दहापैकी सात जण तोट्यात, आणि तिशीच्या आतल्यांत ते प्रमाण आणखी वर, ७६ टक्के.

सप्टेंबर २०२४ च्या त्या अहवालातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. त्या तीन वर्षांत या व्यक्तींनी केवळ व्यवहारखर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले, आणि त्यातले निम्मे दलालीत गेले. ज्याची कमाई नव्या माणसाने वरचेवर सौदे करण्यावर अवलंबून आहे, तो त्याला "थांब, आधी वर्षभर शिक" असे सांगेल अशी अपेक्षा मी दलाली कंपन्यांकडून ठेवत नाही. ते काम नियामकाचेच आहे, म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आपण काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. जुलै २०२३ पासून लॉगिन केल्यावर "दहापैकी नऊ जण तोट्यात" ही सूचना निम्मा पडदा व्यापून दिसते. नोव्हेंबर २०२४ पासून कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेलेत आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवलीत. स्वतःला शिक्षक म्हणवून ताज्या भावांवर टिपा देणाऱ्यांनाही लगाम घातलात, आता त्यांना जुनेच भाव वापरता येतात. ही पावले योग्य आहेत. पण ती आत येऊन बसलेल्यांसाठी आहेत. ती सूचना रोज दिसते, म्हणून रोज न वाचता बाजूला सारली जाते. मुलांच्या अंगठ्याला तिची जागा पाठ झाली आहे. कराराचे मूल्य वाढले तरी मुदतीच्या दिवशी लांबचा कॉल अजूनही काहीशे रुपयांत मिळतो, आणि आमच्या मुलांच्या खिशात नेमके तेवढेच असतात.

माझी मागणी साधी आहे. ज्याच्या पॅनवर याआधी देशात कुठेही ट्रेडिंग खाते नव्हते, त्याला पहिले बारा महिने फक्त कॅश विभागात, डिलिव्हरीचे व्यवहार करू द्या. शेअर, ईटीएफ, म्युच्युअल फंड, सरकारी रोखे, सगळे खुले राहू दे. डेरिव्हेटिव्ह्ज आणि उसन्या मार्जिनवरचे इंट्राडे बंद. एका अ‍ॅपवर अडवले म्हणून तो दुसऱ्यावर जाईल ही शंका इथे टिकत नाही. २००७ पासून पॅन ही आपल्या बाजारातली एकमेव ओळख आहे आणि एक्स्चेंजकडे प्रत्येक ग्राहकाची नोंद त्याच क्रमांकाने आहे. हे करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

बारा महिन्यांनंतर ज्याला ऑप्शन्समध्ये जायचे आहे त्याने वेगळा अर्ज करावा आणि एक छोटी चाचणी द्यावी. प्रश्न पाठांतराचे नकोत. मुदतीच्या दिवशी प्रीमियमचे, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या किमतीचे, काय होते, विकलेल्या ऑप्शनचा तोटा कुठे थांबतो की थांबतच नाही, एका सौद्यावर दलाली, एसटीटी हा व्यवहार कर आणि इतर आकार मिळून किती कापले जातात, एवढे त्याला सोडवता आले पाहिजे. अशा परीक्षा घेण्याचा अनुभव आपल्याच राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेला आहे, ती रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. गुंतवणूकदारांसाठी तिची मोफत परीक्षाही आहे. ती ऐच्छिक असल्याने ज्यांना तिची गरज नाही तेच ती देतात.

सज्ञान नागरिकाला स्वतःच्या पैशाचे काय करायचे ते ठरवू द्या, असे यावर म्हटले जाईल. मी त्याला कायमचे अडवा म्हणत नाही, क्रम लावा म्हणते. उत्पन्नाचा पुरावा मागता, तेव्हा हा विभाग सगळ्यांसाठी सारखा नाही हे आपण आधीच मान्य केलेले आहे. पैशाची ऐपत तपासता, तशी समजही तपासा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : अधिकृत वाट बंद झाली तर पोरे एक्स्चेंजबाहेर चालणाऱ्या बेकायदा डब्बा ट्रेडिंगकडे वळतील. हा धोका खरा आहे, आमच्या भागात डब्बा चालतो हे उघड गुपित आहे. तरीही मला वाटते की मुदतीच्या दिवशी ऑप्शन घेणारी बहुतेक मुले ते शोधत गेलेली नसतात. ते त्यांच्या हाताशी आणून ठेवलेले असते. "आज एक्स्पायरी आहे, संधी सोडू नका" अशी सूचना फोनवर वाजते आणि मग ती आत जातात. अशा सूचना पहिल्या वर्षात पूर्ण बंद करा. फक्त एवढेच झाले तरी कितीतरी मुले वाचतील.

त्या पहिल्या वर्षात मुलांनी काय शिकावे? डिलिव्हरीत घेतलेला शेअर आपल्या नावे एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर जपणाऱ्या डिपॉझिटरीकडे असतो, दलालाकडे नसतो, हे कळावे. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाकडून येणारी सौद्याची पावती, उघडून भाव आणि आकार पडताळावेत. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे एकत्रित खाते विवरण अ‍ॅपवरच्या आकड्याशी जुळवावे. २०१९ मध्ये कार्वी या दलाली कंपनीच्या प्रकरणात ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण पडल्याचे उघड झाले, तेव्हा ही विवरणे नियमित पाहण्याची सवय किती मोलाची असते ते दिसले. नामनिर्देशन भरावे, आणि घरात एकाला तरी खाते कुठे आहे ते सांगावे. लाभांश बँकेत आला की तो कशाचा हे ओळखता यावे. वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर आणि वर्षानंतर विकले तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के, या फरकाने घाई किती महाग पडते ते हिशेब करून पाहावे. चार लाखांपर्यंतची गुंतवणूक असलेल्या मूळ सेवा डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही, हे तर आमच्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नाही.

आणि पडता बाजार अनुभवावा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २६ हजारांच्या खाली गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४७ हजारांवर होता. ज्याच्याकडे निर्देशांक फंडाची युनिट्स होती आणि जो हलला नाही, त्याला ते वर्ष पार करता आले. पैसे परत आले की नाही यापेक्षा त्या पडझडीत त्याला झोप लागली का, हे त्याला स्वतःबद्दल कळणे फार महत्त्वाचे. थोड्या पैशांत, कर्ज नसताना हे कळले तर माणूस पुढची तीस वर्षे बाजारात राहतो.

आता भाषेचे. एप्रिल २०२४ पासून नव्या ग्राहकाला सर्वांत महत्त्वाच्या अटी वेगळ्या काढून देणे आपण बंधनकारक केलेत, हे फार चांगले झाले. हक्क आणि जबाबदाऱ्यांचा मराठी मसुदा एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मिळतो, तोही मी डाउनलोड करून मुलांना देते. पण संकेतस्थळाच्या कोपऱ्यात मराठी प्रत असणे आणि सही करताना ती समोर असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खाते उघडताना पहिला प्रश्न भाषेचा असू दे, आणि निवडलेल्या भाषेत किमान या अटी आणि आकारांचे कोष्टक दिसल्याशिवाय ई-साइन पुढे जाऊ नये. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. दलाल स्ट्रीट आमच्या राजधानीत आहे, १८७५ पासूनचा देशातला सर्वांत जुना शेअर बाजार तिथेच आहे. त्या बाजारात शिरणाऱ्या मराठी मुलाला त्याच्या भाषेत चार अटी वाचायला मिळाव्यात, ही मागणी मोठी नाही.

भाषा अडते तिथेच फसवणारे शिरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी गटात ओढतो, शुद्ध मराठीत आपुलकीने बोलतो, खोट्या अ‍ॅपवर वाढत जाणारा नफा दाखवतो आणि पैसे काढायला गेले की आधी कर भरा म्हणतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त परिचारिकेची ग्रॅच्युइटी अशीच गेली. नोंदणीकृत दलालाचा क्रमांक आयएनझेडने सुरू होतो, पैसे पाठवायचा यूपीआय पत्ता आता @व्हॅलिड या खुणेचा असतो, आपल्या ‘सेबी चेक’ या सोयीवर तो तपासता येतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ही माहिती टपाल कार्यालयात, एसटी स्थानकावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे ते आपल्या संकेतस्थळावर कधीच येणार नाहीत.

महोदय, कोणताही मोठा बदल करण्याआधी सेबी सल्लापत्र काढते आणि लोकांच्या सूचना मागवते, ही प्रथा मला फार आवडते. नव्या गुंतवणूकदाराच्या पहिल्या वर्षाबद्दल असे सल्लापत्र काढावे, आणि ते मराठीसह भारतीय भाषांत काढून सूचनाही त्या भाषांत स्वीकाराव्यात, अशी विनंती आहे. आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गाकडून सूचना येतील याची जबाबदारी माझी. त्या धाकटीने तिची सूचना आत्ताच लिहून दिली आहे : ऑप्शन्सचे बटण नसलेले खाते मिळणार असेल, तर ती वडिलांना दाखवून ते उघडणार आहे.

आपली विश्वासू,
वाणिज्य विभागातील एक प्राध्यापिका,
जिल्हा लातूर